बोट न दाखवलेली कळी

मित्रांनो, मी एक जुना माठ आहे. खरे सांगायचे तर आता अर्धाच माठ आहे. माझा गळा आणि खांदे कुठे गेले ते पुढे कळेल. डोक्याने मंद असलेल्या मुलाला मास्तर आमचे नाव का देतात, हे मला कधी समजले नाही. मी आयुष्यभर नीट पाहत आलो आहे, आणि जे पाहिले त्याने मला इतके धक्के बसले आहेत की मातीचे अंग घेऊन मी टिकलो कसा, याचेच नवल वाटते.

माझी माती हर्सूलच्या तलावाची. एका उन्हाळ्यात काठचा गाळ उघडा पडला तेव्हा कुंभाराने तो गाढवावर लादून नेला. त्याने मला मळले, थापटले, भाजले आणि बाजारात नेऊन मांडले. तिथे दोन जावा आल्या. थोरली राजाबाई आणि धाकटी सरूबाई. सरूबाईचे बिऱ्हाड नुकतेच वेगळे झाले होते आणि तिला पाण्याला माठ हवा होता. पारख मात्र राजाबाई करत होती. उजव्या हाताचे पहिले बोट वाकवून ती एकेका माठावर पेराने टकटक करी, कान देई आणि पुढे जाई. माझ्यापाशी ती थांबली.

"हा घे, सरू," ती म्हणाली. "ह्यो खणखणीत बोलतोय."

आपल्याला बोलता येते असे मला आयुष्यात एवढ्या एकाच बाईने सांगितले. तिचे ते वाकडे बोट मी विसरलो नाही.

दोघींची घरे एकाच अंगणात, हर्सूलच्या पुढे, फुलंब्रीच्या रस्त्याला लागून. पूर्वी हे लोक मेंढरे घेऊन रानोमाळ हिंडत. मग थोडी जमीन घेऊन इथे स्थिरावले. राजाबाईचे मालक लवकर वारले. तिला मूलबाळ नव्हते. सरूबाईला एक मुलगी, प्रांजली. ती दोन्ही घरांत जेवून मोठी झाली आणि लग्न होऊन फुलंब्रीला गेली. मी सरूबाईच्या स्वयंपाकघरात तिवईवर बसून हे सगळे पाहिले. आल्यागेल्याला माझे पाणी मिळे, आणि पाहुणे म्हणत की असे गार पाणी शहरातसुद्धा मिळत नाही. खोटे कशाला बोलू, मी थोडा फुगलोही होतो.

मग लागोपाठ दोन वर्षे पाऊस धड झालाच नाही. ज्या तलावाची मी माती, त्याच्या तळाला भेगा पडल्या, तिथे पोरे क्रिकेट खेळू लागली, असे ऐकून मी हादरलो. मेंढरे विकली गेली. टँकरची वाट पाहणे हेच बायकांचे काम झाले. टँकर नसेल तेव्हा बोअरचे खारट पाणी माझ्यात भरत. ते पिऊन माझ्या अंगाची छिद्रे बुजली, वरून पांढरे पोपडे धरले आणि पाणी गार होईना. एके दिवशी माझ्या तिवईवर निळा प्लास्टिकचा जार येऊन बसला आणि मी परसात, कोंबड्यांच्या शेजारी.

तिथे दिवस काढीन म्हटले, तर सरूबाईचा नवरा पुंजाराम हातोडी आणि खिळा घेऊन आला. त्याने मला पालथे घातले आणि माझ्या बुडाला भोक पाडले. मित्रांनो, ज्याच्यातून एक थेंब गळू नये म्हणून घर जिवाला जपते, त्याच्या बुडाला भोक. मी सुन्न झालो. त्या भोकात सरूबाईने जुन्या लुगड्याच्या चिंधीची वात घातली. मग दोघांनी मला उचलून शेताच्या कोपऱ्यात नेले, खड्डा केला, गळ्यापर्यंत पुरले आणि तोंडावर फरशीचा तुकडा झाकला. जिवंतपणी पुरतात ते असे, एवढेच माझ्या मनात आले.

नंतर माझ्या गळ्याशी चार बिया टोचल्या गेल्या, तेव्हा मला उलगडा झाला. मी भरलेला राहायचे, वातीतून पाणी थेंबथेंब मुळांना द्यायचे. वरून ओतले तर उन्हाने उडून जाते, माझ्यातून गेले तर सगळे वेलाला मिळते. टँकरच्या पाण्यावर वेल जगवायची ती युक्ती होती.

आता त्या बियांचे सांगतो. लाल भोपळ्याला आमच्याकडे डांगर म्हणतात. सरूबाईच्या आईच्या वेलाला एवढे मोठे डांगर धरे की ते घोंगडीत घालून, घोंगडी काठीला टांगून दोन माणसे खांद्यावरून घरी आणत. ते बी आईने सरूबाईला सासरी येताना दिले होते. आई गेली. माहेरी भाऊ दुकानातले बी आणू लागला. सरूबाईने मागच्या साली मूठभर बी प्रांजलीला फुलंब्रीला दिले, ते दुष्काळात करपले. उरल्या होत्या या चार बिया.

"एवढं जिवाला लावून घ्यायचं नाय," पुंजाराम खड्डा बुजवत म्हणाला. "दुकानात बी मिळतं की."

"दुकानात माझी आई मिळती का?" सरूबाई म्हणाली. पुंजारामने मान खाली घालून माती दाबली.

आणखी एक अडचण होती. ही जमीन आता त्यांची राहिली नव्हती. शहर आमच्याकडे चालत येत होते. जमीन कधीच विकली गेली होती आणि तिथे चुन्याच्या रेषा ओढून प्लॉट पाडले होते. काम सुरू होईपर्यंत कोपऱ्यात काय लावायचे ते लावा, असे घेणाऱ्याने सांगितले होते. काम कधी सुरू होईल ते कुणालाच माहीत नव्हते. त्याच्या आत एक डांगर पिकले पाहिजे, त्याचे बी प्रांजलीच्या रानात गेले पाहिजे. सरूबाईच्या डोक्यात तेव्हा दुसरे काही नव्हते.

चारांतली एकच बी उगवली. सरूबाईने तिला मेंढरांच्या जुन्या लेंड्यांचे खत घातले आणि वेल माझ्या गळ्याला वळसा घालून पसरला. मला आता जमिनीलगतचे तेवढे दिसे, म्हणून मी माणसे पायांवरून ओळखू लागलो. जोडवी घातलेले पाय सरूबाईचे. भेगाळलेले, भुंडे पाय राजाबाईचे. दोघी सकाळी उठल्याबरोबर वेलापाशी येत.

वेलाला फुले लागली. पिवळीधमक, हातभर अंतरावर एकेक. मला वाटले आता डांगरांची रास पडणार. पण त्या दोघी एकेक फूल उलटून पाहत आणि निराश होत. ती सगळी नराची फुले होती, बारीक लांब देठाची. मादी फुलाच्या खाली कळी असतानाच इवलेसे डांगर असते, लिंबाएवढे. अशा कळीला दोघी ‘फळाची कळी’ म्हणत. उन्हाचा ताव असला की वेल नुसती नराची फुले टाकत राहतो.

"नुसतेच बापे आलेत लग्नाला," राजाबाई म्हणायची. "नवरीचा पत्ता नाय."

एवढ्यावर थांबली असती तर ठीक. तिने त्या बाप्यांतले सात-आठ खुडून पदरात घेतले, आणि दुपारी बेसनात बुडवून त्यांची भजी तळली. मला वासावरून कळले. सकाळी ज्यांची थट्टा केली त्यांनाच दुपारी खाल्ले, हे पचवायला मला वेळ लागला.

अशी पुष्कळ वाट पाहिल्यावर एका सकाळी राजाबाई वेलाशी वाकली आणि तशीच थांबली.

"सरू," ती हळूच म्हणाली, "इकडं ये. पानाखाली बघ. आली."

तिने बोट वाकवले आणि पेराने कळी दाखवली, बाजारात माझ्यावर टकटक केली होती तसेच. आमच्याकडे सगळेच मानतात की फळाच्या कळीला सरळ बोट दाखवले तर ती कुजते. म्हणून बोट वाकवायचे. ते बोट माझ्या डोळ्यांसमोर होते, मित्रांनो. ते वाकडेच होते.

सरूबाई धावत घरी गेली आणि फडके घेऊन आली. आता इथे काय झाले ते नीट ऐका. फळ धरून मुठीएवढे झाले की त्यावर फडके टाकायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर लागू नये म्हणून, अशी जुनी रीत आहे. पण त्या साली रोज मोटारसायकलीवरून लोक प्लॉट पाहायला येत आणि हात लांब करकरून चहूकडे बोटे दाखवत. शिवाय वेल एकच. सरूबाईला मुठीएवढे होईपर्यंत धीर निघेना. तिने कळीलाच फडके गुंडाळले आणि देठाशी दोऱ्याने घट्ट बांधले.

दुसऱ्या दिवशी पहाटे कळी आतल्या आत उमलली. एक मधमाशी आली. नराच्या फुलात लोळून पिवळी झालेली, फडक्यावर बसली, इकडून तिकडे चालली, वाट सापडेना तशी निघून गेली. ऊन चढल्यावर फूल आतल्या आत मिटले. काही दिवसांनी ते इवलेसे डांगर पिवळे पडले, मऊ झाले आणि गळून माझ्या गळ्याशी पडले.

दुसरी कळी आली. तिलाही फडके. तीही गेली. तिसऱ्या कळीला सरूबाईने दोन पदरी फडके बांधले. मी ओरडणार होतो. माठाला तोंड असते, पण त्यातून शब्द काढायची सोय कुंभाराने केलेली नसते.

तिसरी कळी गळाली तेव्हा सरूबाई ती हातात घेऊन उभी होती. राजाबाई नेहमीप्रमाणे आली.

"गेली का गं ही बी?"

"जाणारच की," सरूबाई म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही. "तिन्ही येळंला पयल्यांदा तुमीच बघितली. बोट कुणाचं गेलं ते मला ठावं हाय."

"म्या बोट वाकवलं व्हतं, सरू."

"ज्याचं रिकामं ऱ्हायलं, त्याला दुसऱ्याचं भरलेलं बघवत नाय, बाई."

मी खूप काही पाहिले आहे, पण असा धक्का मला त्या खिळ्यानेही दिला नव्हता. मूल नसलेल्या बाईला, जिने हिची मुलगी स्वतःच्या ताटात जेवू घातली, तिला हे बोलणे. माझ्यातले पाणीसुद्धा हलले असे मला वाटले. ते भुंडे पाय वळून घराकडे गेले.

त्या दिवसापासून अंगणात दोघींचे बोलणे बंद झाले. सरूबाईने वेलाकडे येणेच सोडले. वाळतोय तर वाळू दे, असे ती पुंजारामला म्हणाली. माझे पाणी खाली जाऊ लागले. पाने दुपारी माना टाकू लागली. मी तळाशी आलो, आता वात कोरडी पडणार, असे झाले.

आणि एका दुपारी, सरूबाई कामावर गेली असताना, भुंडे पाय आले. राजाबाईच्या काखेत घागर होती. टँकरवर रांगेत उभी राहून मिळवलेली, तिच्या एकटीच्या वाट्याची. तिने माझ्यावरची फरशी बाजूला केली आणि सगळी घागर माझ्यात ओतली.

"बोट म्हणं," ती मला म्हणाली. "घरात ऱ्हाऊन एवढी वरसं झाली, आन् हिला माझं बोट दिसलं."

ती दिवसाआड येत राहिली. खूप चिडलेली असे, पुटपुटत असे, पण घागर भरलेली असे.

त्याच दिवसांत माझ्या गळ्याच्या मागच्या बाजूला, फरशी आणि पानांच्या मध्ये, एक फळाची कळी आली. ती कुणाला दिसली नाही. राजाबाई रागाच्या भरात वेलाकडे बघतच नव्हती. पहाटे कळी उमलली, आणि ती पिवळी झालेली मधमाशी सरळ आत शिरली. एवढ्या जवळून हे पाहायची मला सवय नव्हती, मी लाजून आकाशाकडे पाहिले. पुन्हा पाहिले तेव्हा फूल मिटले होते. काही दिवसांनी माझ्या गळ्याला काहीतरी गुळगुळीत टेकले. ते वाढत होते.

मग एका दुपारी जोडवी घातलेले पाय आले. सरूबाईच्या हातात विळा होता. वेल कापून शेळीला घालायला ती आली होती. माझा जीव बुडाशी गेला. तिने पाने बाजूला सारली आणि तिचा हात थांबला. मुठीहून मोठे डांगर, हिरवेगार, माझ्या गळ्याला टेकून. त्यावर फडके नव्हते. तिने फरशी काढून माझ्यात पाहिले. मी काठोकाठ भरलेला होतो.

तेवढ्यात राजाबाई घागर घेऊन आली आणि तिला पाहून उभी राहिली.

"तुमी पाणी घालत व्हता?" सरूबाईने विचारले.

"मग काय वाळू देऊ? तुझ्या आईनं मला बी ह्येच डांगर खाऊ घातलंय."

सरूबाई खाली बसली. "हिला फडकं नव्हतं, बाई."

राजाबाईने वाकून पाहिले. "नव्हतं."

"मंजी बोट नव्हतंच. फडकं व्हतं. आन् फडकं म्या बांधलं."

राजाबाईने घागर हळूहळू माझ्यात रिकामी केली. बरेच पाणी बाहेर सांडले, कारण मी आधीच भरलेला होतो. मग ती म्हणाली, "उद्या टँकर लवकर येणार हाय. मी कामावर जाईन. माझी बी घागर भरून ठेव."

त्या दिवशी माफी कुणी मागितली नाही आणि कुणी केली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून चारही पाय पुन्हा सकाळीच येऊ लागले.

डांगर दिवसेंदिवस फुगत गेले. परातीएवढे झाले आणि मग ते माझ्या गळ्याशी अडले. त्याच्या अंगाला खाच पडू लागली. माझा गळा करकरू लागला. मला उपटून काढावे तर वेलाची मुळे माझ्या पोटाभोवती गुंडाळलेली, ती तुटली असती. दोघी समोर बसल्या.

"माठाचा गळा फोडावा लागंल," राजाबाई म्हणाली.

"तुमीच निवडून दिला व्हता."

"म्हणून तर मीच फोडते."

तिने वाकडे बोट केले आणि माझ्या खांद्यावर टकटक केली, कुठून फुटेल, कुठून राहील ते ऐकत. मग हातात दगड घेतला. मला दुखले, मित्रांनो, आणि मी घाबरलो होतो, हे लपवत नाही. पण तिने असा ठोका दिला की गळा आणि खांदे गेले आणि पोट शाबूत राहिले. डांगराने त्याच दिवशी मोकळी कूस घेतली.

ते एका माणसाच्या कवेत न मावण्याएवढे झाले, केशरी होऊ लागले, आणि एका सकाळी जमीन थरथरली. जेसीबी आला होता. त्याचा तो लोखंडी पंजा पाहून माझी उरलीसुरली माती गार पडली. चालवणारा कडुबा नावाचा तरुण खाली उतरला.

"मावशी, मालकाचा फोन आलाय. आजच सपाट करायचं."

सरूबाईने डांगराला नख लावून पाहिले. नख रुतले नाही. पण देठ एका बाजूने अजून हिरवा होता. देठ वाळल्याशिवाय बी भरले की नाही, सांगता येत नाही.

"अजून आठ दिस पायजे व्हते," ती म्हणाली.

कडुबाने वेलाकडे पाहिले, डोके खाजवले. "आठ दिस माझ्या हातात नायत. मी त्या टोकाकडनं धरतो. सांजच्याला इथं येईन. तवर काय ते उरका."

देठ लांब ठेवून राजाबाईने डांगर वेलापासून तोडले. पुंजारामने घोंगडी आणली. संध्याकाळी यंत्र बंद करून कडुबानेच काठीचे दुसरे टोक खांद्यावर घेतले. मला मुळांसकट उकरून बांधावर ठेवले होते. डांगर पोचवून कडुबा परतला, तेव्हा तिथून मी वेलावरून पंजा फिरलेला पाहिला. एका फेरीत सगळे संपले. इतके दिवस ज्याला पाणी पाजले, ते एवढ्या लवकर जाते, हे मला अजून खरे वाटत नाही.

देठ घरात वाळू दिला. प्रांजली आली तेव्हा डांगर अंगणात ठेवले. अख्ख्या डांगराला आमच्याकडे बाया सुरी लावत नाहीत, पहिला घाव पुरुषाचा. पुंजारामने विळा चालवला, डांगर दोन भाग होऊन पडले. सरूबाईने आत हात घातला. बी पोकळ निघाले असते तर तिच्या आईचे डांगर त्या अंगणातच संपले असते.

"भरल्यात," ती म्हणाली.

मग तिने ती पहिली मूठ बाहेर काढली आणि प्रांजलीकडे न देता राजाबाईच्या पदरात घातली. राजाबाईने पदर धरून ठेवला. तिच्या डोळ्यांतून पाणी आले आणि ती ते पुसायलाही विसरली.

बी राखेत घोळून माझ्या उरलेल्या पोटात भरले, बुडाचे भोक चिंधीने बुजवले आणि मी प्रांजलीच्या मांडीवर बसून फुलंब्रीला आलो. आता मी तिच्या रानाच्या बांधावर असतो. माझ्यात पाणी नाही, बी असते.

मित्रांनो, जुन्या माठाचे एक मागणे ऐका. तुमच्या घरात काही नासले, गळाले, वाया गेले, तर माणसाच्या हाताकडे पाहण्याआधी आपण बांधलेले फडके सोडून पाहा. आणि फुटक्या भांड्याला फेकून देऊ नका. त्यात काय ठेवता येईल ते आधी कुणालाच ठाऊक नसते.

हे सांगावेसे वाटले, कारण यंदा प्रांजलीच्या वेलाला फळाची पहिली कळी आली. त्यासाठी दोघी जावा मुद्दाम बसने आल्या. राजाबाईला ती आधी दिसली. सवयीने तिने बोट वाकवले आणि मग हात मागे घेतला. सरूबाईने तो हात धरला, वाकडे बोट आपल्या हाताने सरळ केले आणि कळीकडे वळवले.

"दाखवा, बाई," ती म्हणाली.

मी पुन्हा एकदा हादरलो. राजाबाईचे बोट सरळ होते. फडके कुणी आणले नव्हते. ती कळी आज माझ्याहून मोठी आहे.